एचओए असलेल्या वसाहतीत स्वतःचे घर बांधताना : आराखड्याच्या मंजुरीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत रिकामा लॉट घेऊन त्यावर मनासारखे घर बांधू इच्छिणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. एचओए म्हणजे होमओनर्स असोसिएशन, वसाहतीतील घरमालकांची संस्था. आम्ही टेक्सासमध्ये असे घर बांधले आणि त्यानंतर काही वर्षे मी आमच्या वसाहतीच्या आराखडा समितीवर काम केले. त्यामुळे अर्ज देणाऱ्याची धाकधूक आणि अर्ज तपासणाऱ्याची अडचण या दोन्हींचा मला अनुभव आहे. कायद्याचे दाखले प्रामुख्याने टेक्सासचे आहेत. कॅलिफोर्निया व फ्लोरिडा या राज्यांचे उल्लेख जिथे फरक महत्त्वाचा आहे तिथे केले आहेत.

शहराचे परमिट मिळाले, तर एचओएची मंजुरी वेगळी घ्यावी लागते का?

होय, आणि एकाच्या हाती दुसऱ्याची जबाबदारी कधीही नसते. शहर किंवा काउंटी पाहते ती घराची सुरक्षितता, झोनिंग (कोणत्या भागात कसले बांधकाम चालते याचे नियम), वीज, सांडपाणी आणि बांधकामाची संहिता. एचओए पाहते ती घराचे बाह्यरूप, उंची, साहित्य, जागेवरील मांडणी आणि शेजारच्या घरांशी त्याचा मेळ. शहराच्या अधिकाऱ्याने नकाशावर शिक्का मारताना आपल्या वसाहतीचे नियम वाचलेले नसतात, कारण ते त्याचे कामच नाही. म्हणून आधी एचओएची लेखी मंजुरी आणि मग परमिटचा अर्ज, हा क्रम ठेवावा. उलट क्रमाने गेल्यास समितीने सुचवलेल्या एखाद्या बदलामुळे परमिटचे नकाशे पुन्हा काढावे लागतात, आणि आर्किटेक्ट, इंजिनिअर व शहर या तिघांचेही शुल्क दुसऱ्यांदा भरावे लागते.

जमीन माझ्या मालकीची असताना एचओएला हा अधिकार कुठून मिळतो?

आपल्याकडे पुण्या-मुंबईत ज्याला आपण सोसायटी म्हणतो, ती १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते आणि तिच्यावर सहकार खात्याच्या निबंधकाचे लक्ष असते. एचओए ही सामान्यतः ना-नफा तत्त्वावरील कंपनी असते आणि तिचे खरे बळ काउंटीच्या दप्तरी नोंदवलेल्या कॉव्हेनंट्समध्ये, म्हणजे जमिनीच्या वापरावरील लेखी बंधनांमध्ये, असते. ही बंधने माणसाशी नव्हे, तर जमिनीशी जोडलेली असतात. लॉट दहा जणांच्या हातून गेला तरी ती दहाव्या मालकालाही लागू राहतात, आणि आपण ती वाचली होती की नाही, याने काही फरक पडत नाही.

या कागदांना एक काळी बाजूही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक कॉव्हेनंट्समध्ये विशिष्ट वंशाच्या लोकांना घर विकू नये, असे उघडपणे लिहिलेले असे. १९४८ च्या शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा अटींची अंमलबजावणी न्यायालयांमार्फत करता येणार नाही असा निर्णय दिला, आणि १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने असा भेदभावच बेकायदा ठरवला. जुन्या भागातील लॉटच्या कागदांत असा मजकूर आजही आढळू शकतो. तो निष्प्रभ आहे, परंतु आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाने तो वाचताना इतिहास जाणून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

लॉट घेण्यापूर्वी नेमके काय वाचावे?

सगळी प्रश्नोत्तरे वाचायला वेळ नसेल, तर निदान एवढा भाग वाचावा. मंजुरीचे बहुतेक तंटे समितीच्या टेबलावर जन्माला येत नाहीत. लॉटच्या करारावर सही झाली, त्या दिवशीच त्यांचे बी पडलेले असते.

टायटल कंपनी, म्हणजे मालकी हक्क तपासून त्याचा विमा देणारी कंपनी, खरेदीपूर्वी जी टायटल कमिटमेंट पाठवते, तिच्या शेड्यूल बी या भागात त्या जमिनीवरील कॉव्हेनंट्स आणि इझमेंट (जमिनीच्या एखाद्या भागावर इतरांना दिलेला वापराचा हक्क) यांच्या नोंदींचे क्रमांक असतात. त्या क्रमांकांवरून मूळ दस्तऐवज मागवावेत आणि त्यांना नंतर जोडलेल्या दुरुस्त्याही मागवाव्यात. याशिवाय आराखड्याची मार्गदर्शिका, ज्याला बहुतेक वसाहती डिझाइन गाइडलाइन्स म्हणतात, ती वेगळी असते आणि वेळोवेळी बदलते. तिची चालू आवृत्ती कोणत्या तारखेची आहे, हे एचओएकडून लेखी विचारून घ्यावे. एचओएच्या थकबाकीची व प्रलंबित उल्लंघनांची माहिती देणारे रीसेल सर्टिफिकेट टेक्सासमध्ये विनंतीनंतर कामकाजाच्या दहा दिवसांत द्यावे लागते, आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर त्याचे शुल्क ३७५ डॉलरपेक्षा जास्त आकारता येत नाही.

कागद हाती आल्यावर आधी आकडेमोड करावी. समजा लॉट ८० फूट रुंद आणि १४० फूट खोल आहे. म्हणजे ११,२०० चौरस फूट. समोर २५ फूट, मागे २० फूट आणि दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट सेटबॅक, म्हणजे सीमेपासून मोकळी ठेवायची जागा, सोडला, तर घरासाठी उरते ६० गुणिले ९५, म्हणजे ५,७०० चौरस फूट. मागच्या बाजूला पाण्याच्या निचऱ्यासाठी ३० फुटांचे इझमेंट निघाले, तर तीच जागा ५,१०० वर येते. जाहिरातीत पाव एकराचा लॉट म्हणून जो दिसतो, त्यात घर बसवायला प्रत्यक्षात अर्ध्याहून कमी जागा असू शकते. त्यातून मोठी झाडेही वजा होतात. ऑस्टिन शहराच्या नियमांत झाडाच्या मुळांचा परिसर मोजताना खोडाच्या व्यासाच्या दर इंचामागे एक फूट त्रिज्या धरतात. २४ इंची ओकचे झाड असेल, तर त्याच्याभोवती २४ फूट त्रिज्येचे वर्तुळ आखावे आणि मगच बैठकीची खोली कुठे येईल याचा विचार करावा.

आणखी तीन गोष्टी आवर्जून शोधाव्यात. घराचे किमान क्षेत्रफळ किती सांगितले आहे आणि त्यात गॅरेज व पडवी धरली आहे का, हे पाहावे. बहुधा धरलेली नसते. बांधकाम किती महिन्यांत सुरू करावे व पूर्ण करावे, आणि ते न झाल्यास विकासकाला लॉट परत घेण्याचा हक्क आहे का, हे पाहावे. बिल्डर आपण निवडायचा, की वसाहतीच्या यादीतलाच घ्यायचा, हेही पाहावे. शेवटच्या अटीमुळे घराच्या खर्चाचे गणित पूर्ण बदलू शकते.

शक्य असल्यास खरेदीच्या करारातच अशी अट घालावी, की ठरावीक दिवसांत समितीकडून प्राथमिक आराखड्याला अनुकूल उत्तर न आल्यास इसार परत मिळेल. विकणारा प्रत्येक वेळी हे मान्य करीलच असे नाही, पण विचारायला संकोच करू नये.

समितीवर कोण असते?

वसाहत नवी असेल तर विकासकाने नेमलेली माणसे असतात आणि त्यांना लॉट लवकर विकले जावेत व वसाहत एकसारखी दिसावी असे वाटते. लॉट विकून झाल्यावर कारभार रहिवाशांच्या हाती येतो. टेक्सासमध्ये २०२१ पासून ४० पेक्षा जास्त लॉट असलेल्या वसाहतीत, विकासकाचा काळ संपल्यावर, एचओएच्या संचालक मंडळाचा सदस्य, त्याचा जोडीदार किंवा त्याच्या घरात राहणारी व्यक्ती या समितीवर बसू शकत नाही. नकार देणारा आणि अपील ऐकणारा एकच माणूस नसावा, हा त्यामागचा हेतू आहे. समितीतले बहुतेक जण नोकरी सांभाळून, संध्याकाळी जेवणानंतर हे नकाशे पाहतात, हे अर्ज करताना ध्यानात ठेवलेले बरे.

अर्जासोबत काय काय द्यावे लागते?

नोंदणीकृत सर्व्हेअरने केलेला लॉटचा सर्व्हे, त्यावर घर, ड्राइव्हवे, एसीचे युनिट व कुंपण दाखवणारा साइट प्लॅन, प्रत्येक मजल्याचा नकाशा, चारही बाजूंची एलिव्हेशन्स (बाहेरून दिसणाऱ्या भिंतींची रेखाचित्रे), छपराचा आराखडा, बाहेरच्या सर्व साहित्याची यादी व नमुने, बागेचा आराखडा, पाण्याच्या निचऱ्याचा आराखडा, बांधकामाचे वेळापत्रक, अर्जाचे शुल्क आणि अनामत रक्कम, एवढे सामान्यतः मागतात.

यातली दोन कागदपत्रे लोक हमखास हलक्यात घेतात. पहिले म्हणजे चारही बाजूंची एलिव्हेशन्स. आपण आर्किटेक्टकडून दर्शनी बाजू प्रेमाने सजवून घेतो आणि मागची भिंत कोरी सोडतो. मात्र मागच्या शेजाऱ्याला रोज सकाळी चहा घेताना तीच भिंत दिसणार असते, आणि समितीला पहिले पत्र त्याचेच येते. दुसरा म्हणजे निचऱ्याचा आराखडा. आमचा पहिला अर्ज याच कारणाने अपूर्ण म्हणून परत आला होता. छपराचे पाणी पन्हळीतून खाली आल्यावर कोणत्या दिशेने वाहून रस्त्यापर्यंत जाईल, हे नकाशावर बाण काढून दाखवलेले नव्हते. तेव्हा आम्हाला ते क्षुल्लक वाटले. पुढे समितीवर असताना एका मुसळधार पावसानंतर मी एका घराच्या मागच्या अंगणात घोट्याएवढ्या पाण्यात उभा राहिलो. शेजारच्या नव्या घराने जमीन आठ इंच उंच केली होती आणि ते सगळे पाणी इकडे वळले होते. त्या दिवसापासून मी कोणत्याही अर्जात आधी ते बाण शोधत असे.

अर्ज देण्याआधी घराचे कोपरे लॉटवर खुंट्या ठोकून आणि त्यांना दोरी बांधून आखून पाहावेत. अनेक वसाहती हे सक्तीचे करतात. नसले तरी करावे. कागदावर ऐसपैस वाटणारी बाजूची मोकळी जागा दोरीजवळ उभे राहिल्यावर किती अरुंद आहे, ते लगेच समजते.

विटांचा आणि रंगाचा नमुना एवढ्या तपशिलात का मागतात?

कारण बोटभर रंगपट्टीवर दिसणारा रंग २० फूट उंच भिंतीवर, टेक्सासच्या उन्हात, अगदी निराळा दिसतो. समिती बहुधा दोन फूट बाय दोन फुटांच्या फळीवर रंगवलेला नमुना मागते, आणि विटांसाठी जागेवरच छोटी भिंत बांधून दाखवायला सांगते. या भिंतीत विटांइतकेच महत्त्व त्यांच्यामधल्या मसाल्याला असते. ओला मसाला गडद राखाडी दिसतो आणि पूर्ण वाळल्यावर पुष्कळ फिका पडतो. म्हणून नमुन्याची भिंत त्याच दिवशी दाखवू नये. ती चांगली वाळू द्यावी, सकाळच्या व दुपारच्या उन्हात तिची छायाचित्रे घ्यावीत, आणि पसंती मिळाल्यावर वीट, मसाला व वाळू यांची नावे मंजुरीच्या पत्रात लिहून घ्यावीत. गवंडी बदलला, तरी ते पत्र हाती असते.

वास्तुशास्त्राप्रमाणे घर बांधता येईल का? मुख्य दरवाजा पूर्वेलाच हवा आहे.

घराच्या आतील मांडणीत समितीला सहसा रस नसतो. आग्नेयेला स्वयंपाकघर, ईशान्येला देवघर, नैर्ऋत्येला मोठी झोपण्याची खोली, हे सारे आपल्या हातात आहे. फ्लोरिडाने तर २०२४ च्या दुरुस्तीने, रस्त्यावरून, शेजारच्या जागेतून किंवा सामायिक जागेतून न दिसणाऱ्या आतील भागावर एचओएने निर्बंध लादू नयेत, असे कायद्यातच म्हटले आहे.

अडते ते दरवाजापाशी. घराची दर्शनी बाजू रस्त्याकडे हवी, अशी अट जवळजवळ सर्वत्र असते. त्यामुळे लॉट रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, यावरच दरवाजाची दिशा बहुतांशी ठरते. पूर्वाभिमुख दरवाजा ही ज्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांची ठाम इच्छा आहे, त्यांनी लॉट पाहायला जातानाच होकायंत्र सोबत न्यावे. समितीकडून नंतर सवलत मिळेल या भरवशावर राहू नये. उत्तराभिमुख लॉट हाती आलाच असेल, तर एक मार्ग चांगला चालतो. रस्त्याकडे तोंड असलेली पडवी काढून तिच्या आत दरवाजा काटकोनात पूर्वेकडे वळवायचा. रस्त्यावरून पडवीची कमान व पायऱ्या दिसतात, त्यामुळे दर्शनी बाजू जिवंत राहते आणि दरवाजाही हव्या त्या दिशेला उघडतो. मात्र काही मार्गदर्शिकांत मुख्य दरवाजा रस्त्यावरून दिसलाच पाहिजे असे लिहिलेले असते. त्या ठिकाणी हा मार्ग बंद होतो. गॅरेजचे तोंड बाजूला हवे, अशीही अट बऱ्याच वसाहतींत असते. ती वास्तूच्या मांडणीशी आधी ताडून पाहावी.

आई-वडिलांसाठी वेगळी खोली आणि फोडणीसाठी दुसरे स्वयंपाकघर चालेल का?

खालच्या मजल्यावर स्नानगृहासह वेगळी खोली ठेवायला सहसा अडचण येत नाही. त्या खोलीला स्वतःचा बाहेरचा दरवाजा आणि स्वतःची शेगडी दिली, की शहर त्याला स्वतंत्र निवास मानू शकते, आणि मग झोनिंगचा प्रश्न उभा राहतो. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२० पासून, एका कुटुंबाच्या घरासाठी असलेल्या लॉटवर असा जोडनिवास बांधायला एचओएला सरसकट किंवा अवाजवी मनाई करता येत नाही. टेक्सासमध्ये कॉव्हेनंट काय सांगते, ते निर्णायक ठरते.

मुख्य स्वयंपाकघराला लागून, आतूनच उघडणारे फोडणीचे छोटे स्वयंपाकघर मात्र सहसा मान्य होते. समितीला दिसतो तो फक्त त्याच्या एक्झॉस्टचा बाहेरचा तोंडवळा. तो दर्शनी भिंतीवर किंवा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर काढू नये. शक्यतो छपरातून वर न्यावा आणि एलिव्हेशनवर दाखवावा. मोहरी-हिंगाचा वास आपल्याला घराची ओळख वाटतो. शेजाऱ्याला त्याची सवय नसते, आणि दहा फुटांवर राहणाऱ्या माणसाचा एवढा विचार आपण करायलाच हवा.

अंगणात तुळशीवृंदावन, दारावर तोरण, पाडव्याला गुढी, यांना परवानगी लागते का?

टेक्सासच्या कायद्याने २०२१ पासून रहिवाशाच्या प्रामाणिक धार्मिक श्रद्धेतून मांडलेल्या वस्तूंना केवळ दारापुरते नव्हे, तर मालकाच्या पूर्ण जागेत संरक्षण दिले आहे. त्याला अपवाद आहेत. ती वस्तू सामायिक जागेत नसावी, सेटबॅक किंवा इझमेंटचा भंग करणारी नसावी आणि सुरक्षिततेला धोका आणणारी नसावी. तोरण आणि गुढी यांचा प्रश्नच येत नाही. विटांचे किंवा दगडाचे कायमचे वृंदावन बांधायचे असेल, तर ते बागेच्या आराखड्यात जागा व उंचीसह दाखवून टाकावे. आमच्या अर्जावर समितीतल्या एका सदस्याने ही चौकोनी वस्तू काय आहे, असे विचारले होते. आम्ही अर्ध्या पानात तुळशीचे महत्त्व आणि रोजच्या दिव्याची पद्धत लिहून दिली. पुढच्या बैठकीत ती एका मिनिटात मंजूर झाली.

सौर पॅनेल आणि डिश?

आराखड्यातच दाखवावीत. टेक्सासमध्ये एचओए पॅनेलसाठी छपराचा भाग सुचवू शकते, परंतु आपण निवडलेल्या जागी वार्षिक वीजनिर्मिती दहा टक्क्यांहून अधिक वाढत असेल, तर आपली निवड टिकते. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडातही सौरऊर्जेला असे संरक्षण आहे. एक मीटरपर्यंतच्या डिशला १९९६ पासून केंद्रीय नियमाचे संरक्षण आहे.

उत्तर किती दिवसांत येते?

कॉव्हेनंटमध्ये बहुधा ३० किंवा ४५ दिवस लिहिलेले असतात, आणि ते पूर्ण अर्ज मिळाल्यापासून मोजले जातात. अपूर्ण अर्जाचे घड्याळ सुरूच होत नाही. म्हणून अर्ज पूर्ण असल्याची तारखेसह लेखी पोच मागावी. मुदत संपूनही उत्तर न आल्यास काय समजायचे, हे प्रत्येक वसाहतीत निराळे असते. काही ठिकाणी मौन म्हणजे मंजुरी, तर काही ठिकाणी मौन म्हणजे नकार. आपल्या कागदात काय आहे ते पाहिल्याशिवाय फावडे हातात घेऊ नये. दोन टप्प्यांची पद्धत असेल, तर प्राथमिक आराखडा लवकर दाखवून घ्यावा. त्या वेळी दुरुस्ती पेन्सिलीने होते.

अर्ज नाकारला तर?

प्रथम नकाराचे पत्र शांतपणे वाचावे. टेक्सासमध्ये, वर सांगितलेल्या ४० हून अधिक लॉटच्या वसाहतींत, नकार लेखी असावा लागतो. त्यात नकाराचे कारण पुरेशा तपशिलाने आणि मंजुरीसाठी करावयाचे बदल नमूद असावे लागतात. पत्र पाठवल्यापासून ३० दिवसांच्या आत आपण मंडळापुढे सुनावणी मागू शकतो, आणि मागणी मिळाल्यापासून ३० दिवसांत मंडळाने ती घ्यायची असते. मंडळ निर्णय कायम ठेवू शकते, बदलू शकते किंवा रद्द करू शकते. कॅलिफोर्नियात निर्णय सद्भावनेने घेतलेला, वाजवी आणि मनमानी नसलेला असावा, असे कायदा सांगतो आणि समितीच्या नकारावर मंडळाच्या खुल्या सभेत फेरविचार मागता येतो.

न्यायालयाची वाट मी शेवटची मानतो. टेक्सासमध्ये एचओएचा विवेकाधीन निर्णय मनमानी किंवा भेदभावपूर्ण असल्याचे सिद्ध होईपर्यंत वाजवी गृहीत धरला जातो, आणि कॉव्हेनंटभंगाचा दावा करून तो जिंकणाऱ्या पक्षाला वकिलाचा खर्च मिळतो. म्हणजे एचओएने असा दावा केला आणि आपण हरलो, तर आपल्या वकिलासोबत त्यांच्याही वकिलाचे बिल आपल्याच खांद्यावर येऊ शकते. त्याऐवजी सुनावणीला जाताना त्याच वसाहतीत पूर्वी मंजूर झालेल्या तशाच घरांची छायाचित्रे न्यावीत. समितीवरील माझ्या काळात मी जे नकार फिरलेले पाहिले, ते बहुतेक अशा छायाचित्रांमुळेच फिरले.

व्हेरियन्स म्हणजे काय आणि तो केव्हा मागावा?

नियमातून एका लॉटपुरती दिलेली सूट म्हणजे व्हेरियन्स. लॉटचा विचित्र आकार, तीव्र उतार, जुने मोठे झाड अशी जमिनीतून आलेली अडचण असेल, तर तो मिळण्याची शक्यता असते. मला मोठे गॅरेज हवे, एवढ्या कारणाने मिळत नाही. मिळाल्यास तो लेखी घ्यावा आणि शक्य असल्यास काउंटीत नोंदवावा, म्हणजे घर विकताना प्रश्न उपस्थित होत नाही.

मंजुरीपूर्वी भूमिपूजन केले तर चालेल का?

पूजा करण्यास कोणीही हरकत घेणार नाही. चौरंग, कलश आणि कुदळीचा एक प्रतीकात्मक घाव, इथपर्यंत ठीक आहे. झाडे तोडणे, माती हलवणे किंवा बिल्डरने यंत्र आणून उभे करणे हे मात्र बांधकामाची सुरुवात मानले जाऊ शकते आणि दंडाला निमित्त होते. मुहूर्त चुकू नये म्हणून पूजा आधी करून घ्यावी, आणि यंत्र मंजुरीचे पत्र हाती आल्यावरच लॉटवर आणावे.

काम सुरू झाल्यावर काही बदलावेसे वाटले तर?

बाहेरून दिसणारा कोणताही बदल, अगदी खिडकीचा आकारसुद्धा, दुरुस्ती अर्जाद्वारे आधी मंजूर करून घ्यावा. कामाच्या वेळा, कामगारांचे शौचालय, कचऱ्याचा डबा, माती वाहून जाऊ नये म्हणून लावायची जाळी, काँक्रीटचा ट्रक धुण्याची जागा, या साऱ्यांचे नियम असतात आणि त्यांच्या भंगाचा दंड अनामत रकमेतून कापला जातो. हे नियम बिल्डरशी होणाऱ्या कराराला परिशिष्ट म्हणून जोडावेत आणि त्याच्या चुकीचा दंड त्याने भरावा, असे त्यात स्पष्ट लिहावे.

काम सुरू होण्यापूर्वी रस्त्याची कडा, पदपथ आणि शेजाऱ्याचे कुंपण यांची तारखेसह छायाचित्रे काढून ठेवावीत. घर पूर्ण झाल्यावर समितीचा प्रतिनिधी मंजूर नकाशा हाती घेऊन भोवती फिरतो, आणि सारे जुळल्यास पूर्ततेचे पत्र देतो. त्यानंतरच अनामत परत मिळते. आमच्या वेळी पदपथाला असलेली एक भेग आमच्या ट्रकने पडल्याचे म्हटले गेले होते. जमीन खणण्याच्या आदल्या दिवशी काढलेल्या छायाचित्रात तीच भेग दिसत होती, आणि अनामत पूर्ण परत आली.